दुसरं दुकान

शनिवार सकाळ. काल रात्री दीडपर्यंत रिलीज चाललं होतं, त्यामुळे आज साडेनऊला उठलो तर आई म्हणाली, "आज लवकर?" (टोमणा होता. कळला.) चहा घेतला, लॅपटॉप उघडला... ऑफिसचा नाही, आपला. आणि गेलं दीड वर्ष बहुतेक शनिवारी लावतो तो अल्बम लावला. एक पियानो, एक खोल पुरुषी आवाज, बाकी काही नाही. दहा मिनिटांनी स्वयंपाकघरातून प्रश्न आला, "कोण गेलं रे त्यांच्यात?"

तसं बघितलं तर आई फार चुकलेली नाही. या संगीताचा मूडच तसा असतो. पण आज त्या मूडबद्दल लिहायचं नाहीये. आज लिहायचंय ते हा अल्बम करणारी दोन माणसं इतकी वर्षं एकत्र कशी राहिली त्याबद्दल. कारण मला स्वतःला ते सात वर्षंसुद्धा जमलं नाही. त्याची गोष्ट खाली येईलच.

आधी ओळख करून देतो. बँडचं नाव डाइने लाकायन. मला ते कळलं म्युनिकमध्ये. दोन महिन्यांच्या ऑनसाइटला गेलो होतो, फेब्रुवारीत. थंडी अशी की कानाला हात लावला तर कान हातात येईल असं वाटायचं. तिथल्या टीममधल्या एका पन्नाशीच्या काकांना (ते माझे कोडचे रिव्ह्यूअर, अतिशय खडूस, अतिशय चांगले) जेवताना सांगितलं की मी घरी कीबोर्ड वाजवतो, थोडं इलेक्ट्रॉनिक करतो. ते काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर एक सीडी. सीडी! माझ्या लॅपटॉपला सीडीची जागाच नाही. मग नाव वाचलं आणि हॉटेलवर जाऊन इंटरनेटवर ऐकलं.

नावाचा अर्थ साधारण "तुझे हुजरे". म्हणजे पुढे पुढे करणारे, मुजरे घालणारे चाकर. हे शब्द त्यांनी आइनस्टुर्त्सेंडे नॉयबाउटेन या बर्लिनच्या बँडच्या गाण्यातून उचलले. ते नॉयबाउटेनवाले पत्रे, ड्रिल, हातोडे असलं काहीबाही वाजवायचे. त्यामुळे नाव ऐकून मला वाटलं, आता डोकं उठणार. उठलं नाही. उलट रात्री दोनपर्यंत ऐकत बसलो.

गोष्ट सुरू होते १९८५ साली, म्युनिकमध्ये. एर्न्स्ट हॉर्न नावाचा एक माणूस. पियानो शिकलेला, ऑर्केस्ट्रा चालवायचं म्हणजे कंडक्टिंगचं रीतसर शिक्षण घेतलेला, थिएटरमध्ये नोकरी करणारा. त्यानं गायक पाहिजे म्हणून जाहिरात दिली. प्रयोग करायची तयारी असलेला गायक. तिला उत्तर देणारा अलेक्झांडर वेल्यानॉव्ह, मूळचा मॅसिडोनियाचा, जेमतेम विशीतला. एक शास्त्रीय तालमीतला संगीतकार आणि एक कोवळा पोरगा, दोघांमध्ये सिंथेसायझर. पुढच्या वर्षी, १९८६ मध्ये, त्यांनी स्वतःच पहिली रेकॉर्ड काढली. किती प्रती? ५००. आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगला याहून जास्त पब्लिक असायचं.

आता हा प्रकार काय आहे ते थोडक्यात. डार्कवेव्ह म्हणजे पंकची लाट ओसरल्यावर ऐंशीच्या दशकात युरोपात जे वेगवेगळे फाटे फुटले त्यातला एक. सिंथेसायझर, संथ लय, उदास सूर, खालच्या पट्टीतला आवाज. त्यातल्याच काहींनी पुढे जाऊन जुनं चर्चसंगीत, मध्ययुगीन चाली, तंतुवाद्यं, पियानो हे सगळं आत घेतलं. डेड कॅन डान्स हे त्यातलं जगभर माहीत असलेलं नाव (ते मूळचे ऑस्ट्रेलियाचे). यालाच निओक्लासिकल डार्कवेव्ह म्हणतात. जर्मनीत याचा मोठा गोतावळा आहे. लाइपझिगला १९९२ पासून यांची जत्राच भरते, वेव्ह गोटिक ट्रेफेन नावाची. नखशिखांत काळे कपडे घातलेली हजारो माणसं गावभर शांतपणे हिंडत असतात. आपल्याकडे संक्रांतीला दिसतात तेवढी काळी वस्त्रं तिकडे त्या चार दिवसांत.

असो. मुद्द्यावर येतो.

गेल्या दीड वर्षात मी या लोकांचं सगळं ऐकलं, मुलाखती धुंडाळल्या, अल्बमच्या तारखा एका एक्सेल शीटमध्ये टाकल्या (सवय, दुसरं काय). आणि माझं एक ठाम मत झालंय. हा बँड टिकला याचं कारण त्या दोघांनी बँडकडे सगळंच मागितलं नाही. दोघांनीही आपापलं दुसरं दुकान उघडं ठेवलं, आणि समोरच्याच्या दुसऱ्या दुकानाबद्दल कुरकुर न करता पहिलं दुकान चालवलं.

आपल्याकडे, म्हणजे आपल्या वयाच्या आणि आपल्या धंद्यातल्या लोकांत, याच्या बरोब्बर उलट शिकवलं जातं. "ऑल इन जा." नोकरी सोड, बोट जाळ, झोकून दे, एकच ध्येय. प्रत्येक स्टार्टअपवाल्याच्या भाषणात हे असतं. आणि ज्याच्याबरोबर काही सुरू केलं त्यानंही तसंच झोकून दिलं पाहिजे, नाहीतर तो गद्दार. मीही हेच मानत होतो. मोठ्या तावातावानं मानत होतो.

आता हॉर्नकडे बघा. बँडच्या आधीपासून त्याचं थिएटरचं काम होतंच. कार्ल्सरूहच्या राज्य थिएटरात ऑर्केस्ट्राचं काम, मग म्युनिकला नाटकांच्या संगीताचं काम. म्हणजे महिन्याचा पगार येणारी जागा. १९९१ साली लाकायनचा दुसरा अल्बम आला, 'डार्क स्टार'. त्यात 'लव्ह मी टू द एंड' हे गाणं आहे, ते आजही त्यांच्या चाहत्यांना तोंडपाठ असतं. नाव व्हायला लागलं होतं. माझ्यासारख्या शहाण्यानं सल्ला दिला असता की आता बाकी सगळं बंद कर आणि यावर बस. हॉर्ननं काय केलं? त्याच वर्षी आणखी एक बँड काढला!

त्याचं नाव क्न्ताल. (क्यू आणि एनच्या मध्ये स्वरच नाही. हा शब्द गायिकेला स्वप्नात सुचला असं ते लोक सांगतात. मी टाइप करताना तीन वेळा चुकलोय.) बरोबर होते मिषाएल पोप आणि झिग्रिड हाउझेन ऊर्फ सिरा. हे दोघं आधीपासूनच एस्तांपी नावाच्या गटात होते, जो मध्ययुगीन संगीत जुन्या वाद्यांवर वाजवतो. म्हणजे त्यांचंही हे दुसरं दुकान! क्न्तालमध्ये यांनी काय केलं तर लॅटिन आणि जुन्या जर्मनमधली शेकडो वर्षांपूर्वीची गाणी घेतली आणि ती मशिनच्या ठोक्यावर बसवली. १९९२ च्या पहिल्या अल्बममध्ये 'आद मॉर्तेम फेस्तिनामुस' नावाचं गाणं आहे. मूळ कॅटलोनियातल्या माँतसेरात मठाच्या हस्तलिखितातलं, साधारण १३९९ सालचं. म्हणजे ज्ञानेश्वरीनंतर शंभरएक वर्षांनी कागदावर उतरलेलं. मृत्यूकडे आपली घाई चाललीय, आता तरी पापं सोडा, असा त्याचा भाव. मठात यात्रेकरूंसाठी लिहिलेलं हे गाणं हॉर्नच्या सिंथेसायझरवर चढून जर्मनीच्या क्लबांमध्ये वाजलं आणि लोक त्यावर नाचले. आपल्याकडे कुणी भारुडाला असा ठोका लावला तर अर्धे लोक नाचतील आणि अर्धे लोक मोर्चा काढतील.

पण मला यात जास्त इंटरेस्टिंग वाटलं ते पुढचं. दोन अल्बमनंतर, १९९९ मध्ये, हॉर्न क्न्तालमधून बाहेर पडला. आपल्याकडचा अनुभव सांगतो की अशा वेळी नावावरून भांडण होतं, कोण खरं आणि कोण खोटं यावर चाहत्यांत तट पडतात, आणि मग दोन्ही दुकानं बसतात. इथे काय झालं? पोप आणि सिरा क्न्ताल पुढे चालवत राहिले. फिलिप ग्रोथ नावाचा नवा माणूस आला, २००३ मध्ये 'ट्रिस्टान उंड इझोल्डे' आला आणि मग एकामागून एक अल्बम येत राहिले, अगदी २०१८ च्या 'नाख्टब्लूमे'पर्यंत आणि त्याच्याही पुढे. हॉर्ननं हीलियम व्होला नावाचं नवं काम सुरू केलं, साबिने लुत्सेनबेर्गर या जुन्या संगीतातल्या गायिकेबरोबर. २००१ मध्ये त्यांचं पहिलं गाणं आलं ते बाराव्या शतकातल्या आलँ द लीलच्या लॅटिन कवितेवर. म्हणजे दोन्हीकडे तोच रस्ता, जुने शब्द आणि नवी यंत्रं, पण दोन वेगळी घरं. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड फोर्क झाला आणि दोन्ही शाखा जिवंत राहिल्या. ओपन सोर्समध्ये हे आपण कौतुकानं सांगतो. माणसांच्या बाबतीत आपल्याला ते दगाबाजीसारखं का वाटतं?

इकडे वेल्यानॉव्हही रिकामा बसला नव्हता. तो बर्लिनला, हॉर्न म्युनिकच्या बाजूला. त्यानं स्वतःच्या नावावर अल्बम काढले: १९९८ मध्ये 'सीक्रेट्स ऑफ द सिल्व्हर टंग', २००१ मध्ये 'द स्वीट लाइफ', २००८ मध्ये 'पोर्टा मॅसिडोनिया', ज्यात तो आपल्या मूळ मुलखाकडे वळला. लाकायनमध्ये जे बसत नव्हतं ते त्यानं तिथे गायलं. आणि मला वाटतं कळीचा मुद्दा हाच आहे. मनातलं सगळं एकाच ठिकाणी ओतायला गेलं की ते ठिकाण फुटतं. हॉर्नला लॅटिन करायचं होतं, ते त्यानं लाकायनच्या गळ्यात मारलं नाही. वेल्यानॉव्हला साधी, गोडवा असलेली गाणी म्हणायची होती, त्यानं त्यासाठी हॉर्नचे आवाज बदलायला लावले नाहीत. म्हणून लाकायनचा आवाज लाकायनचाच राहिला.

आता माझ्या एक्सेल शीटकडे वळू. लाकायनच्या मुख्य स्टुडिओ अल्बमची वर्षं अशी: १९८६, १९९१, १९९३, १९९६, १९९९, २००२, २००५, २०१०, २०१४, २०२१. फरक काढले: ५, २, ३, ३, ३, ३, ५, ४, ७. आमच्या कंपनीत कुणी असं रिलीज कॅलेंडर मांडलं तर त्याला त्याच मीटिंगमध्ये घरी पाठवतील. पण नीट बघा, यादी कुठेच तुटत नाही. मधल्या काळात दोघंही कुठेतरी काम करतायत, आणि मग परत येतायत. करिअर म्हणजे शिडी असंच आपण धरून चालतो. या यादीत शिडी नाहीये. यात वारी आहे. गेलात, आलात, परत निघालात.

"मग गाणी कशी टिकली?" असं कुणी विचारेल. त्याला उत्तर आहे तो शनिवारचा अल्बम, ज्यावर आईला शंका आली. १९९५ साली या दोघांनी 'अकूस्टिक' काढला. मैफिलींमध्ये रेकॉर्ड केलेला. विचार करा, हा इलेक्ट्रॉनिक बँड. त्यांची ओळखच मशिन. आणि त्यांनी स्टेजवरून मशिनं काढून टाकली. एक ग्रँड पियानो, एक गायक. तीच गाणी. 'लव्ह मी टू द एंड' आधी सिंथेसायझरच्या थरांवर ऐकलेलं असतं, इथे ते एकदम उघडं पडतं, आणि तरीही उभं राहतं.

त्यातही हॉर्न एक गंमत करतो. तो पियानोच्या पट्ट्यांवरच थांबत नाही, आत हात घालतो. तारा छेडतो, दाबून धरतो, तारांवर वस्तू ठेवतो. या प्रकाराला प्रिपेअर्ड पियानो म्हणतात. जॉन केज या अमेरिकन संगीतकारानं १९४० मध्ये एका नाचासाठी हे पहिल्यांदा केलं. तारांमध्ये स्क्रू, बोल्ट, रबराचे तुकडे अडकवले की त्या पट्टीचा सूर बदलतो, काही पट्ट्या तबल्यासारख्या वाजायला लागतात, काही घंटेसारख्या. म्हणजे एकाच वाद्यात तालवाद्यांचा आख्खा ताफा. मी हे ऐकल्यावर आजोबांच्या पेटीचा वरचा फळा उघडून बघितला होता. आईनं वेळीच पाहिलं. पेटी वाचली.

मग २००७ मध्ये बँडच्या वीस वर्षांच्या निमित्तानं याच गाण्यांचं तिसरं रूप आलं. पियानोऐवजी पूर्ण ऑर्केस्ट्रा, फ्रँकफर्टची नॉय फिलहार्मोनी. मशिनवर एक, पियानोवर दुसरं, वादकांच्या ताफ्यावर तिसरं. गाणं तेच. प्रोग्रामर लोकांना वेगळं सांगायला नको. इंटरफेस पक्का असला की खालचं इम्प्लिमेंटेशन कितीही वेळा बदला. आणि उलटंही खरं. ज्या गाण्यातून, ज्या कोडमधून, ज्या नात्यातून सजावट काढून घेतली की काहीच उरत नाही, तिथे मुळात काही नव्हतंच.

आता तुमच्यापैकी काही जण म्हणतील (गेल्या पोस्टवर कमेंटांत भांडलेले तर नक्कीच) की हे सगळं बोलायला ठीक आहे. जर्मनीत सरकारच्या आणि शहरांच्या पैशावर चालणारी थिएटरं आहेत, तिथे संगीतकाराला नोकरी असते, पगार असतो. आपल्याकडे गाणाऱ्याला कोण ठेवणार नोकरीवर? एकदम मान्य. हॉर्नच्या हिमतीचं श्रेय त्या व्यवस्थेला द्यायलाच पाहिजे. ५०० प्रतींची रेकॉर्ड काढायला धाडस लागतं हे खरं, पण ती खपली नाही तरी पुढच्या महिन्याचं घरभाडं कुठूनतरी येणार हे माहीत असलं की धाडस जरा सोपं जातं. पण मंडळी, आपल्यातल्या बऱ्याच जणांचं राज्य थिएटर आहे की! हिंजवडीला आहे. एक तारखेला पगार येतो, डबा असतो, बस असते. आपण त्याला शिव्या घालतो आणि "हे सोडलं की मग खरं काहीतरी करीन" म्हणत दहा वर्षं काढतो.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. अशानं माणूस कुठेच पूर्ण नसतो. सगळं थोडं थोडं. एकाच गोष्टीला वाहून घेतलेल्या माणसाची जी धार असते ती येत नाही. हा मला काही दिवस छळत होता. पण 'अकूस्टिक' ऐकताना मला ती अर्धवटपणाची खूण कुठेच सापडत नाही. हॉर्न पियानोवर असतो तेव्हा पूर्ण तिथेच असतो. माझं आता असं मत आहे की दुकानं किती आहेत याला महत्त्व नाही. ज्या दुकानात बसलायत तिथे बसलेले असताना चित्त कुठे आहे, याला आहे. आणि खरं सांगायचं तर एकच दुकान असलेला माणूस गिऱ्हाईक आलं नाही की भागीदाराच्या अंगावर जातो.

हे मला कुणी सांगायची गरज नाही. कारण मीच गेलो होतो.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून आमचा दोघांचा बँड होता. मी कीबोर्ड आणि लॅपटॉप, तो गाणार. त्याचं नाव इथे नको, त्याला गवई म्हणू. फिरोदियाच्या तालमींमध्ये ओळख झाली, तिथे आम्ही पडलो पण आमचं जमलं. त्याच्या घरी गाणं होतं, माझ्या घरी कंप्युटर. रात्री त्यांच्या गच्चीवर आम्ही दोघांनी अकरा गाणी केली. चांगली होती हो. अजूनही ऐकतो कधीतरी.

नोकऱ्या लागल्या. माझी टिकली, त्यानं वर्षभरात सोडली आणि गाण्यावरच जगायचं ठरवलं. मला फार अभिमान वाटला. मग त्यानं लग्नांच्या संगीतात गायला सुरुवात केली. मग एका ग्रुपबरोबर नाट्यसंगीताचे कार्यक्रम. मग जाहिरातींचे जिंगल. आमच्या तालमी रविवारवरून महिन्यातून एकदा झाल्या. मी चिडत गेलो. एका रात्री गच्चीवरच त्याला म्हणालो, "आपलं काय ठरलं होतं? आपलं काम करायचं की लग्नात नाचणाऱ्या मामांसाठी गायचं? काय ते एक ठरव."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तुझं दुसरं दुकान आहे ना? रोज दहा तास बसतोस. त्याला मी कधी काही म्हणालो?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर नसलं की माणूस जे करतो ते मी केलं, आवाज चढवला. म्हणालो, ते वेगळं, ती नोकरी आहे. तो म्हणाला, माझी हीच नोकरी आहे. त्यानंतर मी लॅपटॉप बॅगेत घातला आणि उतरलो. त्या अकरा गाण्यांचे प्रोजेक्ट माझ्याच लॅपटॉपवर राहिले. अडीच वर्षं झाली. वाढदिवसाला "हॅपी बर्थडे" असा एक मेसेज जातो, "थँक्स" असा येतो. संपलं.

म्युनिकच्या त्या काकांना मी हे सगळं सांगितलं नव्हतं. पण निघायच्या आदल्या दिवशी सीडी परत द्यायला गेलो तर ते म्हणाले, ठेव. मग विचारलं, तू एकटाच वाजवतोस का? मी हो म्हणालो. ते म्हणाले, "एकट्यानं छान वाजवता येतं. पण चुका कोण सांगणार?" (कोड रिव्ह्यूअर शेवटपर्यंत कोड रिव्ह्यूअर.)

आणि मग मी 'ड्युअल' ऐकला. २०२१ चा. त्यात लाकायननी दुसऱ्यांची गाणी गायली आहेत. पॅटी स्मिथनं गाजवलेलं 'बिकॉज द नाइट', साउंडगार्डनचं 'ब्लॅक होल सन', अशी. आणि त्या प्रत्येक गाण्याशी नातं सांगणारं एकेक नवं गाणं स्वतःचं केलंय. पस्तीस वर्षं फक्त आपलं आपलं केल्यावर म्हाताऱ्यांनी सरळ दुसऱ्यांची गाणी घरात आणली, आणि त्यातून त्यांना स्वतःची नवी गाणी सुचली. मी हेडफोन काढून ठेवला. माझ्या डोक्यात एकच. गवई लग्नात दोनशे लोकांसमोर दुसऱ्यांची गाणी गात होता तेव्हा त्याच्या गळ्याला काय काय सापडलं असेल, आणि मी ते एकदाही ऐकायला गेलो नाही. एकदाही!

तर माझं म्हणणं एवढंच. कुणाबरोबर काही चालवत असाल, बँड असो, कंपनी असो, नाटकाचा ग्रुप असो, दर रविवारी एकत्र डोंगर चढणं असो, तर समोरच्याकडे त्याचं आख्खं आयुष्य मागू नका. त्याचं दुसरं दुकान कसं चाललंय ते विचारा. जमलं तर तिथे जाऊन बसा, चहा घ्या. तो जेव्हा तुमच्या दुकानात येईल तेव्हा तिकडचं काहीतरी घेऊन येईल. आणि कधी त्यानं एखादं दुकान सोडलंच, तर पाटी फोडू नका. पोप आणि सिरानं फोडली नाही, हॉर्ननंही नाही. ऐकणाऱ्याला एकाऐवजी दोन घरं मिळाली.

ज्यांना ऐकायचंय त्यांच्यासाठी क्रम: आधी 'डार्क स्टार'मधलं 'लव्ह मी टू द एंड', मग तेच गाणं 'अकूस्टिक'मध्ये. दोन्हींच्या मध्ये पाच मिनिटं गप्प बसा. आवडलं तर क्न्तालचा पहिला अल्बम, मग हीलियम व्होला. नाही आवडलं तर कमेंटांत शिव्या घाला, पण दोनदा ऐकून घाला. रात्री ऐकणार असाल तर घरच्यांना आधी सांगून ठेवा, कुणी गेलेलं नाही म्हणून.

काल रात्री रिलीज संपल्यावर, दीड वाजता, त्या अकरा गाण्यांच्या फाइल्स मी एका फोल्डरमध्ये घालून गवयाला पाठवल्या. सगळे ट्रॅक सुटे करून, म्हणजे त्याला दुसऱ्या कुणाबरोबर वापरायचे असले तरी वापरता येतील. खाली लिहिलं, "या तुझ्याही आहेत. आणि पुढचं लग्न कुठे आहे? येतो."

हे लिहीपर्यंत दोन निळ्या टिका आल्या आहेत. उत्तर नाही. शनिवार आहे, मुहूर्त असेल. गात असेल कुठेतरी.